दांडावरचा बर्फ

चौतीस सालचा चैत्र. होळी होऊन पंधराएक दिवस झाले असतील. सकाळी मी अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टाकत होते, आणि माझा व्याही काळूराम डोंगराचा दांड उतरून धापा टाकत दारात आला. मी त्याला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू? त्या माणसाशी माझं कधी पटलंच नव्हतं. रतनच्या लग्नात त्याच्या लोकांनी माझ्या भावाचा मान ठेवला नाही, आणि चार वर्षं मी ते मनात धरून बसले होते.

"रतन आजारी हाय, विहीनबाय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"आज अकरावा दिस."

अकरा दिवस! माझी एकुलती एक पोर तापानं फणफणतेय, आणि मला, तिच्या आईला, अकराव्या दिवशी कळतंय! मधे काय सात समुद्र होते? एक डोंगर मधे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातले बोंबील मी टोपलीत आपटले आणि त्याला असं काही बोलले, की शेजारची नीराबाई चुलीपुढून उठून बाहेर आली. तो मान खाली घालून ऐकत राहिला. माझा दम संपला तेव्हा म्हणाला, "ऱ्हायलेलं वाटंत बोला. आधी बर्फ पायजे."

मग कळलं ते असं. रेवदंड्याहून डॉक्टर येऊन गेला होता. विषमज्वर म्हणाला. ताप डोक्यात चढतोय, डोक्यावर बर्फ ठेवा, नाहीतर पोर हाताला लागायची नाही, असं तोंडावर सांगून गेला. माझा जावई हरेश्वर कालच्या बोटीनं मुंबईला बर्फ आणायला गेला होता, पण तो परत यायचा उद्या दुपारी. आणि काल संध्याकाळपासून रतन बरळायला लागली होती. सासूला ओळखत नव्हती. आजचा दिवस आणि आजची रात्र, एवढं कसंही करून काढायचं होतं.

"मुरुडात कोनाकडं तरी असंल," काळूराम म्हणाला. "तुमी बाजारात फिरता. तुमाला ठाव असंल."

बर्फ मी जन्मात पाहिला नव्हता, पण मुरुडात तो कुठे आहे ते मला बरोबर ठाऊक होतं. अब्दुस्समदभाईंच्या लेकीचा, हुस्नबानूचा, त्या दिवशी निकाह होता. लाकडाचे व्यापारी, मोठं घर, मी त्यांच्याकडे वर्षानुवर्षं मासळी घालत आलेली. शरबतासाठी त्यांनी मुंबईहून बर्फ मागवला होता, आणि आदल्या दिवशी बोटीवरून तो उतरवताना बघायला अर्धा बाजार लोटला होता. मी माझी सरंग्याची टोपली सोडून गेले नव्हते. बघायचंय काय त्यात, म्हटलं होतं.

त्यांच्या मागच्या दारानं आम्ही शिरलो. अंगणात देगी चढलेल्या, बायकांची लगबग, पोरींच्या हातावर ओली मेंदी. मला बघून घरच्या मालकीण सफुराभाभी पुढे आल्या. "आज मासळी न्हाय गं तुळशीबाय, आज सगळं गोश्त हाय," असं हसत म्हणाल्या, आणि माझं तोंड बघून गप्प झाल्या. मी बोलायला गेले तर शब्दच फुटेना. मी! जिच्या तोंडाला सगळा मासळीबाजार टरकतो, ती! शेवटी काळूरामनंच सगळं सांगितलं.

अब्दुस्समदभाईंना बोलावलं. नवी शेरवानी, दाढीला मेंदी. त्यांनी ऐकून घेतलं आणि बायकोकडे पाहिलं. दीडशे पाहुणे यायचे होते, आणि बर्फाचे तुकडे होते दोन.

"माझ्याकडं काय बघता?" सफुराभाभी म्हणाल्या. "पाव्हने गरम शरबत पितील. गरम शरबतानं कोन मरत न्हाय."

दोनांतला मोठा तुकडा त्यांनी आम्हाला दिला. हातभर लांब, चांगला उशीएवढा. मी बोट लावलं आणि किंचाळले, "भाजलं की गं बाय!" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं. भाभींनी तो तुकडा लाकडाच्या भुशात पुरला, वर गोणपाट, त्यावर स्वतःची जुनी गोधडी, आणि सुंभानं करकचून बांधून दिला. अब्दुस्समदभाईंनी दोन-दोनदा बजावलं, "वाटंत सोडू नका. हवा लागू देऊ नका. खालून थोडं पानी ठिबकंल, ते ठिबकू द्या. पन सोडून बघायचं न्हाय. असाच नेलात तर उद्यापर्यंत पुरंल, इन्शाल्ला."

हे काळूरामनं ऐकलं आणि मीही ऐकलं. दोन्ही कानांनी ऐकलं.

समुद्रानं जायचा प्रश्नच नव्हता. मचवे सगळे मासेमारीला बाहेर, वाडीतले हातपाय धड असलेले पुरुष त्यांच्यावर. किनाऱ्यावर एक मोडकी होडी पडलेली. आणि ती असती तरी काय, चैत्रात दुपारचा वारा सुटला की टोकाला वळसा घालता घालता दिवस मावळतो. राहिला दांड. डोंगराची सोंड थेट समुद्रात उतरलेली, तिला आम्ही दांड म्हणतो. आमची वाडी अलीकडे, रतनची पलीकडे. थंडीत बायका डोक्यावर टोपल्या घेऊन दोन तासांत पार होतात. पावसात कोणी जात नाही. आणि चैत्रात जाऊ नये, असं रानात लाकडं तोडणारे कातकरीसुद्धा सांगतात. गवत वाळून आडवं पडलेलं असतं, त्यावर पाय ठेवला की सटकलाच. गवत नाही तिथे सुटा मुरूम. माथ्यावरची वाट तर एवढी अरुंद, की समोरून माणूस आला तर एकानं खाली बसून दुसऱ्याला वाट द्यायची.

दांडाच्या पायथ्याला माझ्या घरावरूनच जावं लागतं. तिथे पोचलो तेव्हा गाठोड्याखालून थेंब पडायला लागले होते. ठिबकंल, ठिबकू द्या, असं सांगितलेलं होतं. पण सांगणाऱ्याचं काय जातं? मी एकेक थेंब मोजत होते. दांड अजून चढायचाय, ऊन अजून डोक्यावर यायचंय, आणि हे आत्ताच गळतंय! मी काळूरामला म्हटलं, "आत जाऊन भाकरतुकडा खाऊन घ्या. मी दोरी आवळून देते."

तो आत गेला. मी गाठोडं वलांडीच्या मागे ओढलं आणि सोडलं.

आता मी काय केलं ते ऐका. मी कोळ्याची लेक, कोळ्याची बायको. नासणाऱ्या मालाशी माझा रोजचा झगडा. बांगडा असो, मांदेली असो, कोळंबी असो, उन्हात दोन घटका राहिली की गेली. ती राखायची तर काय लागतं? मीठ. माझी आई तेच करत होती, तिची आई तेच करत होती. भुसा कोण कशाला लावेल? भुसा चुलीत घालतात. एवढ्या मोठ्या घरात राहणाऱ्या बाईला नासणाऱ्या मालातलं काय कळणार, असं मला वाटलं. देवाशपथ वाटलं. कोठीतून मी दोन पायल्या जाडं मीठ आणलं. बर्फावरचा भुसा झटकून टाकला. चहूबाजूंनी मीठ चोळलं, चिरांमधे बोटानं दाबून भरलं, उरलेलं वर पसरलं, आणि गाठोडं होतं तसं बांधलं. मला काय समाधान वाटलं म्हणून सांगू! आता टिकतंय, म्हटलं. काळूरामला बोलले नाही. त्यानं माझ्यापासून अकरा दिवस लपवलं, मी त्याच्यापासून एक पायली-दोन पायली मीठ लपवलं तर कुठे बिघडलं?

चढ लागला तेव्हा ऊन तापलं होतं. गाठोडं काळूरामच्या पाठीवर, मी मागून. पहिला टप्पा सागाच्या रानातला. पानं सगळी गळून खाली पडलेली, पावलागणिक कडकड वाजायची, आणि त्यांच्याखाली दगड आहे की खड्डा ते पाय टाकल्याशिवाय कळायचं नाही. झाडं उघडी, त्यामुळे सावली नावाला नाही. मला वाट दिसतच नव्हती. मी फक्त त्या गाठोड्याच्या खालच्या टोकाकडे बघत होते. थेंब थांबतील असं मी धरून चालले होते. थांबले नाहीत. वाढले. रान संपेपर्यंत थेंबांची बारीक धार झाली.

"हळू चाला, हिंदकळतंय ते!" मी ओरडले.

तो हळू झाला.

"अवो असे रेंगाळता काय? ऊन लागतंय त्याला!"

"हळू चालू का भरभर चालू?" तो थांबून म्हणाला. "एक काय ते ठरवा, विहीनबाय."

"तुमच्या अंगाच्या गरमीनं वितळतंय. अंगापासून लांब धरा."

"पाठीवरचं गाठोडं लांब कसं धरू?"

मग मी त्याच्या साऱ्या खानदानाचा उद्धार केला. तो चालत राहिला. रानाच्या वर गवताचा उभा चढ. तिथे मी हातांनी गवताच्या मुठी धरून चढले, आणि मुठी मुळासकट हातात यायच्या. दोनदा गुडघ्यावर आपटले. काळूराम तर गाठोडं धरून, हात मोकळे नाहीत, नुसत्या पायांच्या बोटांवर तोलत वर जात होता. वाट सोडून तो एकदम डावीकडे वळला. तिकडे वणव्यानं जळालेला पट्टा होता.

"तिकडं कुठं? राख तापलीय तिकडं!"

"तापू दे. जळलेल्या जाग्यावर पाय सरकत न्हाय."

आणि तो गेला. मीही गेले. तळवे असे पोळत होते की मी देवाचं नाव घ्यायच्या ऐवजी काळूरामचंच घेत होते, आणि तेही शिव्या घालत. राखेतून वर आलो ते एकदम माथ्यावर. एका अंगाला खाली समुद्र, एका अंगाला दरी, मधे बैलाच्या पाठीसारखी कातळाची धार. वारा असा की कासोटा घट्ट होता म्हणून बरं. तोही गरमच. कातळात एक टाकं आहे, थंडीपर्यंत त्यात पाणी असतं. त्यात बघितलं तर तळाला सुकलेला चिखल, त्याला भेगा पडलेल्या.

तिथून धारेवर आम्ही एकामागे एक निघालो. खाली बघायचं नाही, असं रतनला लहानपणी मीच शिकवलं होतं. गाठोड्यातून पाणी आता काळूरामच्या पाठीवरून, धोतरावरून, पोटऱ्यांवरून वाहत होतं. मला वेड लागायची पाळी आली.

"अकरा दिवस काय करत होतात?" मी मागून विचारलं. बोलल्याशिवाय राहवेना. "अकरा दिवसांत एक मानूस धाडता आला न्हाय?"

त्यानं पाठीवरचं गाठोडं सावरलं. मग म्हणाला, "रतनच नको म्हनाली. आयेला कळलं तर बाजार टाकून दांड चढून येईल, तिचे गुडघे दुखतात, म्हनाली. दोन दिसांत बरी हुईन, म्हनाली. आमी ऐकलं."

मी दहा-बारा पावलं तशीच चालले. आणि मग पुन्हा भडकले. "ती पोर हाय! तापातली पोर! तिचं ऐकायचं? तुमाला कळायला नको?"

"व्हय," तो म्हणाला. "चुकलं माझं."

असं सरळ कबूल केलेलं मला सोसवेना. भांडला असता तर बरं झालं असतं. थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "माझी पाठ बधिर झालीय. हात लावला तरी कळत न्हाय." मी म्हटलं, नाटकं नकोत. तो चालला. गाठोडं सावरून ओला झालेला हात त्यानं तोंडावरून फिरवला, ओठ चाटले, आणि थांबला.

"विहीनबाय," तो म्हणाला, "बर्फाचं पानी खारट असतं का?"

"घाम असंल तुमचा."

"घाम एवढा थंड न्हाय."

तो त्या धारेवर तिथेच खाली बसला. गाठोडं मांडीवर घेतलं आणि बाहेरून दाबलं. कर्र असा आवाज आला. कोळ्याला तो आवाज डोळे झाकूनही ओळखू येतो. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मीठ लावलंत?"

"टिकायला लावलं!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की खाली दरीत आवाज गेला. "टिकायला लावलं वो! मिठानं टिकतं म्हनून लावलं!"

त्यानं सुंभ सोडलं. उशीएवढा होता तो तुकडा आता दोन नारळ शेजारी ठेवावेत एवढा उरला होता. तोही अंगभर भोकं पडलेला. काळूरामनं एक बोट एका भोकात घातलं आणि तळातून मिठाचा खडा बाहेर काढला. दुसऱ्या भोकात घातलं, तिथेही खडा. जिथे खडा तिथे भोक. "मीठ खातंय त्याला," तो हळूच म्हणाला. आम्ही दोघं उतारवयाची माणसं, जन्मभर मिठात हात घातलेली, आणि मीठ काही खातं हे त्या दिवशी पहिल्यांदा बघत होतो.

धुवायला पाणी? टाकं कोरडं. भुसा? तो मी माझ्याच अंगणात झटकून आले होते. काळूराम मात्र थांबला नाही. त्यानं बोटांनी मीठ खरवडायला सुरुवात केली. मग मीही पदर काढून पुसायला लागले. बर्फ हाताला चिकटायचा, कातडी ओढायचा. बोटं पांढरी पडली, मग लाल झाली, मग मला माझी आहेत असंच वाटेना. गोणपाट आणि गोधडी खारं पाणी पिऊन चिंब झाली होती, ती आम्ही दगडावर टाकून दिली. उताराकडचं वाळलेलं गवत उपटून आणलं, त्यात बर्फ पुरला, वरून माझा पदर फाडून गुंडाळला. या सगळ्यात काळूराम मला एक शब्द वावगा बोलला नाही. थोबाडीत मारली असती तर मी त्याचे पाय धरले असते.

उतरताना गाठोडं त्यानं पोटाशी धरलं. पलीकडचा उतार सगळा गवताचा, आणि त्या बाजूला वणवा गेला नव्हता. आम्ही उतरत नव्हतो, धावत होतो. अर्ध्यावर त्याचा पाय गेला. बसल्या बसल्या तो पंधरा-वीस हात घसरत गेला, मुरमावर आपटला, करवंदीच्या जाळीत अडकला. मी किंचाळत खाली पोचले, तर त्याचे दोन्ही हात डोक्याच्या वर, आणि हातांत गाठोडं. जमिनीला टेकलंसुद्धा नव्हतं. गुडघा हाडापर्यंत फुटला होता. तसाच उठला आणि लंगडत चालायला लागला.

आम्ही रतनच्या दारात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. ती चटईवर पडली होती. अकरा दिवसांत माझ्या पोरीची काठी झाली होती. डोळे उघडे, पण कुठे बघत होती कुणास ठाऊक. तिची सासू भागुबाई उशाशी बसून ओली फडकी ठेवत होती, आणि शेजारच्या चार बायका. मी गवत उलगडलं. आत मुठीएवढा बर्फ होता.

"एवढाच?" भागुबाई म्हणाली. "सगळ्या डोंगरावरून एवढाच आनलात?"

मी तोंड उघडलं. मी काही बोलायच्या आत काळूराम दाराला टेकून म्हणाला, "मी पडलो. गाठोडं फुटलं, बर्फ दरीत गेला." त्याच्या गुडघ्याचं रक्त उंबऱ्यावर ठिबकत होतं. सगळ्यांनी ते रक्त पाहिलं. कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही. आणि मी उघडलेलं तोंड मिटलं.

बर्फ फडक्यात बांधून मी रतनच्या कपाळावर धरला. पहिल्यांदा तिनं तोंड वेडंवाकडं केलं. मग हळूहळू तिचं बरळणं थांबलं. तिनं डोळे माझ्याकडे वळवले, आणि मला ओळखलं. "आये," म्हणाली, "बाजार कोनावर टाकून आलीस?" मी म्हटलं, नीराबाईवर. ती म्हणाली, "ती वजनात मारंल." मी हसले. तीही हसल्यासारखी वाटली. गार वाटतंय, म्हणाली. बर्फ होता तोवर ती माझी रतन होती. तो किती वेळ होता? भात शिजायला लागतो तेवढा. मग फडकं नुसतं ओलं राहिलं, आणि तिचे डोळे पुन्हा कुठे तरी निघून गेले. त्यानंतर आम्ही विहिरीचं पाणी ओतलं, मडक्याचं ओतलं, ताप ऐकेना. उजाडता उजाडता रतन गेली.

दुपारी हरेश्वर आला. मुंबईच्या बोटीतून उतरून मचव्यानं टोकाला वळसा घालून आला होता. दोन माणसांनी उचलून आणलेली अख्खी लादी, भुशात गच्च पुरलेली, मुंबईच्या बर्फवाल्यानं बांधून दिली होती तशीच. वाटेत त्यानं ती सोडली नव्हती. अंगणातली माणसं बघितली आणि त्याला कळलं. लादी तिथेच अंगणात खाली ठेवली गेली. तिला कोणी हात लावला नाही. आम्ही रतनला नेलं, परत आलो, ती तिथेच होती. दुसऱ्या दिवशी दुपारी भागुबाईनं पायानं भुसा सारला तर आत अजून चांगला उशीएवढा बर्फ होता. मी तो पाहिला. उशीएवढा. मी घराच्या मागे गेले आणि पोटात काही नसताना उलटी केली.

हरेश्वरनं बापाला एकदाच विचारलं. बाप म्हणाला, पडलो. "हातातलं सोडलंत कसं?" हरेश्वर म्हणाला. बाप गुडघ्याचं फडकं आवळत राहिला. त्यानंतर पोरगा त्याच्याशी बोलायचा बंद झाला. वाडीतल्या बायका विहिरीवर कुजबुजायच्या, म्हाताऱ्यानं पडायचं ते नेमकं त्याच दिवशी पडला. मी ऐकायची. तीन दिवस मी ते सगळं ऐकलं, आणि भागुबाईनं वाढलेलं खाल्लं. का गप्प राहिले? सांगते. मी बोलले असते तर माझ्या पोरीला माझ्या हातांनी घालवलं असं झालं असतं. आणि काळूराम तर स्वतःहूनच बोलला होता, मी कुठे त्याला सांगायला गेले होते? असं मी मनाला समजावत होते. मन समजत नव्हतं. जेवताना उठायची, बसताना उठायची, अंगणातून किनाऱ्यावर, किनाऱ्यावरून अंगणात. बसलेली मला कोणी पाहिलं नसेल.

चौथ्या दिवशी सकाळी मी माझ्या वाडीला परत निघाले. किनाऱ्यावर चारपाच माणसं जमली होती. हरेश्वर बापाच्या होडीतून आपली जाळी उतरवत होता. येसाजी तांडेलाच्या मचव्यावर जाणार होता तो. "बापाच्या होडीत पाय ठेवनार न्हाय," असं सगळ्यांसमोर म्हणाला होता. काळूराम गुडघ्याला फडकं बांधून वाळूत बसला होता आणि आपल्या होडीतून एकेक जाळं बाहेर पडताना बघत होता. मी त्यांच्या बाजूनं खाली मान घालून पुढे गेले. वीसएक पावलं गेले असेन. तिथेच थांबले.

मी मागे फिरले आणि हरेश्वरच्या समोर जाऊन उभी राहिले. "तुझा बाप पडला, पन गाठोडं त्याच्या हातातून सुटलं न्हाय," मी म्हटलं. "तो पडायच्या आधीच बर्फ गेला होता. त्याला मीठ लावलं होतं. मी लावलं होतं. सोडू नका म्हनून सांगितलेलं असताना सोडलं, आनि मीठ लावलं. तुझ्या बापाला ठाव नव्हतं. माथ्यावर कळलं त्याला." एका दमात बोलले. आवाज चढलेलाच होता, भांडताना चढतो तसा. मला दुसऱ्या कसल्या आवाजात बोलता येत नाही.

हरेश्वरच्या हातात जाळ्याचं टोक तसंच होतं. तो बापाकडे वळला.

"तुमी का न्हाय सांगितलं?"

काळूराम वाळूकडे बघत होता. "पोर तिची गेली," तो म्हणाला. "वर हे कशाला तिला?"

मला वाटलं होतं, बोलून टाकलं की छाती हलकी होईल. कसली हलकी! त्या माणसाच्या त्या एका वाक्यानं मी उभी होते तिथे खाली बसले, आणि रतन गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडले. हरेश्वरनं वाळूतली जाळी गोळा केली आणि एकेक करून पुन्हा बापाच्या होडीत टाकली. माझ्याकडे त्यानं त्या दिवशी पाहिलं नाही. आज पाच वर्षं झाली, अजून पाहिलेलं नाही.